पान सत्तावीस, ओळ चौथी

चर्चच्या भिंतीला लागून एक लांबोळकं दुकान होतं. आत शिरलं की डाव्या हाताला पुस्तकं, उजव्या हाताला सिनेमे आणि समोर भेटवस्तू. पुस्तकांत संतांची चरित्रं होती, मुलांना रंगवायला बायबलातली चित्रं होती, नजर अधू झालेल्यांसाठी ठळक टायपातल्या प्रार्थना होत्या. सिनेमांच्या तबकड्यांना आता कुणी विचारत नसे, कारण त्या लावायची यंत्रंच घरांतून हद्दपार झाली होती. तेच सिनेमे मग पेनड्राइव्हमध्ये भरून काउंटरवर टांगलेले असत. आणि भेटवस्तूंत काय नव्हतं? अंधारात चमकणारी रोझरीची माळ, गाडीत पुढे चिकटवायचा संत ख्रिस्तोफर, फ्रीजला लोहचुंबकाने लटकणारे देवदूत, बाळाच्या स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या फोटोसाठी पंख असलेली चौकट. एकूण काय, देव रविवारी चर्चमध्ये भेटतोच, पण सोमवार ते शनिवार तो घरात कुठेतरी डोळ्यांसमोर असावा, एवढ्यासाठी हे दुकान.

दुकान बाई चालवत. एकतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. पाठीमागे 'लाल पेन' म्हणत. निवृत्त झाल्या तरी बाईंचं पेन निवृत्त झालेलं नव्हतं. चर्चच्या फळ्यावर सूचना लागली की अर्ध्या तासात तिच्यावर लाल खुणा उमटत. एकदा एका मयताच्या सूचनेत 'दुखद' असं लिहिलेलं होतं. बाईंनी तिथे ठळक विसर्ग दिला आणि शेजारीच रडत उभ्या असलेल्या मयताच्या मुलाला म्हणाल्या, "विसर्गाशिवाय दुःख अपुरं वाटतं रे." तो बिचारा मान हलवून पुन्हा रडू लागला.

अशा बाईंना फादरनी गळ घातली. "बाई, मोठमोठ्या प्रार्थना लोक चर्चमध्ये म्हणतात. पण घरात दूध उतू गेलं की तोंडातून काय निघतं? त्यासाठी काहीतरी लिहा."

बाईंनी लिहिलं. दूध उतू गेल्यावर म्हणायची प्रार्थना, किल्ली हरवल्यावर म्हणायची, मुलांचा निकाल लागायच्या आदल्या दिवशीची, शेजारणीशी भांडून आल्यावरची. अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका झाली. नाव ठेवलं 'चुलीपासून उशीपर्यंत'. बाईंनी मुद्रितं तीनदा तपासली. शेवटच्या पानावर 'या पुस्तिकेत शुद्धलेखनाची एकही चूक नाही' असं वाक्य घालायचं त्यांच्या फार मनात होतं, पण फादर म्हणाले, "बाई, नम्रता." बाईंनी वाक्य खोडलं. खोडताना जिवावर आलं.

पाचशे प्रती छापून आल्या आणि तीन आठवड्यांत दोनशे गेल्या. बाईंचे पाय जमिनीवर राहिनात. रोज सकाळी शटर उघडण्याआधी त्या स्वतःच्याच पुस्तिकेतलं पान सत्तावीस उघडत आणि 'कामाच्या रगाड्यातली प्रार्थना' म्हणत.

चौथ्या आठवड्यात त्यांच्या दाराशी दोन ट्रंका आणि एक माणूस येऊन उभा राहिला.

"वहिनी, मी आलो," तो माणूस म्हणाला. म्हणाला म्हणजे ओरडला. तो बाईंचा दीर होता. सडाफटिंग, वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं त्याने एका जुन्या थिएटरात जुन्या यंत्रावर जुने सिनेमे दाखवले होते, आणि त्या यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय जिभेला कायमची लागली होती. थिएटर बंद पडलं होतं.

"या भावजी," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आग्रह औषधापुरताही नव्हता.

त्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी बाईंचे यजमान गेले, तेव्हा हे सख्खे धाकटे भाऊ मातीला पोचले ते सगळं आटोपल्यावर. लोक पांगले होते, बाई काळ्या कपड्यांत दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "झाला का सिनेमा?" भावजी आल्या पावली परत फिरले. तेव्हापासून वर्षातून एक फोन. त्यात इकडची हवा, तिकडची हवा आणि ठेवते.

आता मात्र ते घरात होते, आणि दुसऱ्याच दिवसापासून दुकानातही. "नुसता बसून काय करू? मदत करतो," म्हणाले. बाईंना ती मदत म्हणजे आगीतून फुफाट्यात वाटू लागली. दुपारी दुकान बंद करायची वेळ झाली की भावजी भरल्या दुकानात आरोळी ठोकत, "मध्यंतर!" बाईंनी वीज वाचवायला दोन दिवे मालवले की ते जागच्या जागी घोरू लागत. सर्वांत कहर म्हणजे ते सिनेमांवर मत देत.

एक गृहिणी सासूसासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी सिनेमा निवडत होती. तिने एका संताचा सिनेमा हातात घेतला, तशी भावजींनी मान हलवली.

"तो नका घेऊ. त्यात पहिल्या अर्ध्या तासातच संत मरतो. पुढचा दीड तास नुसते ढग."

"भावजी!" बाई करवादल्या.

"खोटं सांगू का वहिनी? मी काल पाहिला. हा घ्या ताई, यात म्हातारा-म्हातारी भांडतात, मग म्हातारा देवळात जाऊन रुसून बसतो. तुमच्या सासऱ्यांना पटेल."

ती हसत हसत तो घेऊन गेली. बाईंनी डोक्याला हात लावला. "हे देवाचं काम आहे भावजी. इथे परीक्षण चालणार नाही."

"देवाचं काम उत्तमच आहे हो. दिग्दर्शकाचं कच्चं आहे."

बाई तरातरा मागच्या खोलीत गेल्या, डोळे मिटले आणि पान सत्तावीसवरची प्रार्थना पाठ म्हटली. पूर्वी त्या ती दिवसातून एकदा म्हणत. भावजी आल्यापासून तीनदा म्हणू लागल्या होत्या, आणि परवा तर काउंटरखाली वाकून चौथ्यांदा.

भावजींना येऊन आठ दिवस झाले त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाई चहा करत होत्या. भावजींनी चाळा म्हणून पुस्तिका उचलली आणि वाचता वाचता त्यांच्या घशातून असा काही आवाज निघाला, की बाईंना वाटलं, यांना झटका आला. त्या धावत बाहेर आल्या. भावजी हसत होते. हसता हसता खोकत होते, खोकता खोकता काउंटर बडवत होते, आणि काउंटरवरचे गाडीतले संत ख्रिस्तोफर एकसाथ माना डोलवत होते.

"काय झालं?"

भावजींनी चष्मा सारखा केला आणि चाळीस वर्षांत कमावलेल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "'प्रभू, सकाळपासून माझी दमछाक होते. हाताखाली माणूस नसतं. कुणी वेडंवाकडं बोललं की माझा तोल जातो. अशा वेळी मला दीर दे—'"

"धीर," बाई म्हणाल्या.

"दीर."

"धीर हो! धाडस, धीर."

"'अशा वेळी मला दीर दे. थोडाथोडका नको, भरपूर दे. आणि एकदा दिलास की परत घेऊ नकोस, माझ्याजवळच राहू दे.'" भावजींनी डोळे पुसले. "वहिनी, अहो, आधी सांगायचं तरी! मी उगाच दारात घाबरत उभा होतो. तुमचा तर छापील अर्ज होता! पण भरपूर कुठून आणू? मी एकटाच आहे."

बाईंनी पुस्तिका हिसकावली. मग दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग भिंग आणलं. पान सत्तावीस, ओळ चौथी. 'द' जसा असावा तसा स्वच्छ, सरळ 'द'. 'ध'च्या डोक्यावरची गाठ औषधालाही नव्हती. बाई मटकन स्टुलावर बसल्या. ज्या बाईंनी मयताच्या सूचनेला विसर्ग दिला होता, त्यांच्या पुस्तिकेत हे! आणि दोनशे घरांत लोक सकाळ-संध्याकाळ हात जोडून देवाकडे दीर मागत होते.

"आजवर कुणी बोललं कसं नाही?" त्या पुटपुटल्या.

"माणूस डोळ्यांनी कुठे वाचतो वहिनी? सवयीने वाचतो."

बाई तशाच फादरकडे गेल्या. फादर ओट्यावर कुंड्यांना पाणी घालत होते. बाईंनी पान उघडून पुढे धरलं. फादरनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि झारी खाली ठेवली.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "मी रोज हीच म्हणतो. मोठ्याने म्हणतो. मला दीर मिळायचा तर आधी किती गोष्टी घडायला लागतील, विचार करा! बिशपस्वामींना काय सांगू मी?" आणि ते खांब धरून हसू लागले.

बाईंना हसू आलं नाही. त्या घरी जाऊन शुद्धिपत्र लिहायला बसल्या. त्यात त्यांनी लिहिलं, 'छापखान्याच्या हलगर्जीपणामुळे एक गंभीर चूक राहिली आहे.' 'गंभीर'खाली रेघ मारली.

उरलेल्या तीनशे प्रती दुरुस्त करायच्या होत्या. वह्यांवर लावायच्या लेबलांवर बारीक अक्षरात 'धीर' छापून घ्यायचं, एकेक शब्द कापायचा आणि 'दीर'वर चिकटवायचा. बाईंनी पाच चिकटवले. पाचही तिरके बसले. सहावा बोटाला चिकटला तो सुटेना. भावजी हे मुकाट पाहत होते. मग त्यांनी एक ट्रंक उघडली आणि आतून चिमटा, छोटी कात्री आणि डोळ्याला लावायचं भिंग काढलं. तुटलेली फिल्म जोडण्यात त्यांची हयात गेली होती.

"सरका वहिनी."

दोन संध्याकाळी दोघं समोरासमोर बसले. बाई कापत, भावजी लावत. त्यांचे जाडजूड हात अशा हलकेपणाने चालत, की बाई कापायचं विसरून पाहत राहत. लेबल बसलं की कुठे जोड आहे ते बोट फिरवूनही कळत नसे. विशेष म्हणजे काम करताना भावजींचा आवाज अगदी खाली येई.

"दादा मला नेहमी म्हणायचा," ते एकदा म्हणाले, "तुझ्या हाताला जेवढी अक्कल आहे तेवढी तोंडाला असती तर!"

बाईंना हसू फुटलं. यजमानांची तीच तऱ्हा होती बोलायची.

रविवार उजाडला. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपताना फादरनी सूचनांचा कागद उघडला. बाई पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या.

"'चुलीपासून उशीपर्यंत' या पुस्तिकेत छापखान्याच्या हलगर्जीपणामुळे..." फादरनी एक दीर्घ श्वास घेतला. "पान सत्तावीस, ओळ चौथी. 'दीर' या शब्दाच्या जागी 'धीर' असे वाचावे. ज्यांच्याकडे चुकीच्या प्रती आहेत त्यांनी दुकानातून बदलून घ्याव्यात."

आधी पर्सेसच्या चेनी उघडल्याचे आवाज. मग पानांची सळसळ. मग मधल्या रांगेत एक आजीबाई, ज्यांना कमी ऐकू येई, त्या सुनेला मोठ्याने म्हणाल्या, "काय दे म्हणते? दीर?" आणि चर्चचं छप्पर उडालं. ऑर्गनवाल्याने प्रसंग ओळखून शेवटचं गाणं लगेच सुरू केलं, पण ते गायला कुणाच्या तोंडात दम नव्हता.

बाई खाली मान घालून दुकानात आल्या. पाहतात तो दारापासून फाटकापर्यंत रांग! परत करायला आलेल्यांची, असं समजून त्यांनी दुरुस्त प्रतींचा गठ्ठा पुढे ओढला. रांगेत पहिली होती शिवणकाम करणारी एक बाई.

"हे घ्या हो परत," ती म्हणाली. "मला चार दीर आहेत. तिघं एकाच छताखाली. महिनाभर मी अजून मागत होते! आधी बदलून द्या."

बाईंनी बदलून दिली. पण पुढची बाई म्हणाली, "मला एक द्या. नाही, ती दुरुस्त केलेली नको. चुकीची आहे का?"

"चुकीची कशाला?"

"जावेला भेट द्यायची आहे. तिचा नवरा म्हणजे माझा दीर. त्याचं मोल कळू दे तिला."

तिच्या मागचा दाढीवाला सुतार लाजत म्हणाला, "मलाही एक. वहिनीला देतो. डबा बांधून पाठवते ती रोज." त्याच्या मागे दोन नव्या नवऱ्या, त्यांच्यामागे एक सासू. सगळ्यांना 'दीर' हवा होता. भावजींनी मेहनतीने लावलेला 'धीर' कुणी हातात धरीना. शेवटी लोक लेबल नखाने उचकटायचा प्रयत्न करू लागले. पण ते भावजींचं काम होतं, ते निघेना.

"हाऊसफुल्ल!" भावजी दारातून गरजले.

सोमवारी सकाळी छापखानेवाला आला. बुटका, तापट माणूस. मिस्सेला तो मागच्या बाकावर होता आणि रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता. त्याने काखेतला कागदांचा गठ्ठा काउंटरवर आपटला.

"हलगर्जीपणा! भर चर्चमध्ये! तीस वर्षांचं नाव आहे माझं, बाई. हे तुमचं हस्तलिखित. काढा पान सत्तावीस."

बाईंनी काढलं. त्यांचंच ते मोत्यांसारखं अक्षर, ज्याचं शाळेत उदाहरण देत. आणि चौथ्या ओळीत त्याच मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'मला दीर दे'.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. भावजींनी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग छापखानेवाल्याकडे.

"हा 'ध' आहे," भावजी म्हणाले.

"काय?"

"'ध' आहे स्वच्छ. शाई जरा उडालीय गाठीवरची."

"अहो, चष्मा बदला! आंधळ्यालाही 'द' दिसेल!"

"चाळीस वर्षं पडद्यावरचा केस शोधून काढलाय या डोळ्यांनी. मला शिकवू नका. 'ध' आहे. चूक तुमचीच."

छापखानेवाला लालबुंद झाला. आता हे दोघं हातघाईवर येणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "भावजी, पुरे. 'द'च आहे. मीच लिहिलाय, आणि तीनदा तपासून मीच पास केलाय. चूक माझी आहे."

एकतीस वर्षांत हे वाक्य बाईंच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. छापखानेवाल्याला आता रागवायचं कशावर तेच कळेना. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "तसं मग... माझ्याही कंपोझिटरला शंका यायला हवी होती," तो म्हणाला. "चालायचंच. दुसरी आवृत्ती काढायची म्हणे फादरना. दीर छापू की धीर?"

"धीर!" बाई आणि भावजी एकदम ओरडले.

तो गेल्यावर बाईंनी हस्तलिखिताच्या कोपऱ्यावरची तारीख पाहिली. त्यांना तो दिवस नीट आठवत होता. त्या सकाळी भावजींचं पत्र आलं होतं. बारा वर्षांतलं पहिलं पत्र. 'थिएटर बंद होतंय. चाळीस वर्षं खिडकीतून जग बघितलं, आता दारातून बाहेर कसं पडायचं ते समजत नाही.' एवढंच. बाईंनी ते पिठाच्या डब्याखाली सरकवलं होतं, उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पान सत्तावीस लिहायला बसल्या होत्या. डोक्यात एक आणि कागदावर दुसरं असलं की असंच होतं, हे त्यांनी मुलांना हजारदा बजावलेलं होतं.

"वहिनी," भावजी म्हणाले. आवाज लेबलं लावतानाचा होता. "माझं पत्र मिळालं होतं का?"

"मिळालं होतं."

"उत्तर नाही आलं."

"आलं की," बाई म्हणाल्या. "पाचशे प्रतींत आलं."

भावजी संत ख्रिस्तोफरची धूळ पुसू लागले. एक पुसला, तोच पुन्हा पुसला. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, झाला का सिनेमा म्हणून. झाला नव्हता. तिसरं रीळ चालू होतं तेव्हा निरोप आला. यंत्र तसंच सोडून पळालो. लोकांनी खुर्च्या फोडल्या. बस मिळायला उशीर झाला, एवढंच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काळ्या कपड्यांत होतात. मोठ्याने बोलायचं जिवावर आलं. आणि हळू बोलायला तर मला येतच नव्हतं."

बाईंनी पदराने नाक पुसलं. "हात धुवा आणि या. चहा गार होतोय," त्या म्हणाल्या.

मंगळवारी चर्चच्या फळ्यावर बाईंच्या हस्ताक्षरात नवी सूचना लागली : पुस्तिकेतली चूक छापखान्याची नसून लेखिकेची आहे, छापखान्याची मी क्षमा मागते. दुपारी बाई तिकडून गेल्या तेव्हा कुणीतरी तिच्यातला एक ऱ्हस्व दीर्घ करून ठेवला होता, चक्क लाल शाईने. बाईंनी जवळ जाऊन पाहिलं. दुरुस्ती बरोबर होती. त्यांनी फादरच्या खिडकीकडे वळून पाहिलं. पडदा लगबगीने सरकला.

दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं आली तेव्हा ती भावजींनी तपासली, कारण त्यांना सवयीने वाचायची सवय नव्हती. पुढच्या रविवारी ते मिस्सेलाही आले. फादरनी फाटकात विचारलं, "कसं वाटलं प्रवचन?" भावजींनी विचार केला, बाईंकडे चोरून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "शेवट चांगला होता." बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

भावजी इतके दिवस बाहेरच्या खोलीतल्या बाकड्यावर झोपत होते. पाय गुडघ्यापासून हवेत. त्या आठवड्यात दोघं खाट पाहायला गेले. दुकानदाराने आधी एक हलकी, पत्र्याची खाट उघडून दाखवली.

"पाहुण्यांसाठी हवी ना? मग ही घडीची न्या. काम झालं की मिटवून भिंतीला टेकवायची."

"घडीची नको," बाई म्हणाल्या. "घडीभराचं काम नाही हे. ती लाकडी दाखवा. आणि लांबीला जरा जास्त असलेली बघा, आमचे भावजी उंच आहेत."